पिकअपवरचा एअर कंप्रेसर दम का तोडतो: वायरिंगमधला दोष शोधण्याचा क्रम

नारायणगावच्या बाजारातून रात्री टोमॅटो भरून वाशीकडे निघणाऱ्या पिकअप गाड्यांचे वायरिंग मी गेली अनेक वर्षे करीत आलो आहे. माल भरून झाल्यावर मागच्या चाकात हवा कमी आहे हे लक्षात येते, तेव्हा पंक्चरचे दुकान बंद झालेले असते. म्हणून बरेच गाडीवाले आता १२ व्होल्टचा छोटा एअर कंप्रेसर जवळ बाळगतात. सुरुवातीला तो सीटखाली पडलेला असतो आणि लायटरच्या सॉकेटमध्ये पिन खोचून वापरला जातो. पुढे कोणीतरी मोठा, टाकीसह कंप्रेसर आणून केबिनमागे किंवा हौद्याच्या कोपऱ्यात पक्का बसवून देतो, हाताला लागेल ती वायर बॅटरीपासून मागे ओढतो, आणि काही महिन्यांत गाडी माझ्यासमोर उभी राहते. प्रश्न ठरलेला असतो: ‘कंप्रेसर खराब निघाला, आता दुसरा कोणता घेऊ?’

बहुतेक वेळा कंप्रेसर खराब नसतो. बॅटरीतून निघालेला व्होल्टेज यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत कुठेतरी खर्च होत असतो, आणि तो कुठे खर्च होतो हे यंत्र चालू असताना मोजल्याशिवाय कळत नाही. खालचा क्रम मी स्वतः पाळतो. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या आहेत, पैसे आणि अंगमेहनत लागणारी कामे शेवटी आहेत.

लक्षणे

पिन खोचून स्विच दाबताच लायटरचा फ्यूज जातो, हे सगळ्यांत साधे लक्षण. दुसऱ्या प्रकारात कंप्रेसर चालू होतो, पण दोन मिनिटांत त्याचा आवाज जड होतो, पिन हाताला चटका देते आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास येतो. तिसऱ्या प्रकारात इंजिन चालू असताना काम ठीक होते, इंजिन बंद केले की मोटर नुसती गुरगुरते. टाकीवाल्या यंत्रांत एक फसवे लक्षण दिसते: पहिल्यांदा टाकी भरते, मात्र हवा वापरल्यावर दुसऱ्यांदा सुरू होताना फ्यूज उडतो. रिलेतून, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचमधून, सलग टकटक आवाज येणे हे आणखी एक. आणि सर्वांत महागात पडणारे लक्षण म्हणजे रात्री सगळे ठीक असलेल्या गाडीचा सकाळी सेल्फच लागत नाही.

यांपैकी आपले लक्षण कोणते, ते कागदावर लिहून ठेवावे. ‘चालत नाही’ एवढ्यावरून काहीच शोधता येत नाही. ‘पहिल्यांदा चालतो, दुसऱ्यांदा फ्यूज उडवतो’ हे कळले की निम्मा शोध तिथेच संपतो.

हत्यारांत एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असल्यास उत्तम, पण तो डीसी करंट मोजणारा आहे ना, हे पाहून घ्यावे. स्वस्तातले बरेचसे क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात आणि गाडीच्या वायरवर लावले की शून्य दाखवतात; मग माणूस नसलेला दोष शोधत बसतो. काम सुरू करण्यापूर्वी हातातले कडे, अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. पॉझिटिव्ह टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये कडे सापडले, तर ते क्षणात लालभडक होते.

पहिली तपासणी: यंत्रावरची पट्टी

कंप्रेसरच्या अंगावर व्होल्ट आणि ॲम्पिअर लिहिलेले असतात. वॅट लिहिले असतील तर त्यांना १२ ने भागावे. चाकात हवा भरणारे छोटे यंत्र साधारण १० ते १५ ॲम्पिअर घेते, मध्यम आकाराचे २० ते ३०, आणि दोन सिलिंडरचे मोठे यंत्र ४० ॲम्पिअरच्याही पुढे जाते. लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते २० ॲम्पिअरचा असतो. तेव्हा ३० ॲम्पिअरचे यंत्र त्या सॉकेटवर चालवून पाहण्यात अर्थ नाही. फ्यूज उडाला, याचा अर्थ त्याने आपले काम केले. अशा यंत्रासाठी बॅटरीपासून स्वतंत्र वायरच हवी.

याच वेळी पट्टीवरचा ‘ड्युटी सायकल’ हा आकडाही पाहावा. १०० पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) ३० टक्के असे लिहिले असेल, तर दहा मिनिटांत तीन मिनिटे चालवून सात मिनिटे विश्रांती द्यायची, असा त्याचा अर्थ. चारही चाके एका दमात भरायला घेतली की मोटरमधला, जास्त तापल्यावर तुटणारा स्विच यंत्र बंद करतो आणि ते थंड झाल्यावर आपोआप पुन्हा चालू होते. वैशाखातल्या दुपारी तर हे फार लवकर होते. ‘मध्येच बंद पडतो, पंधरा-वीस मिनिटांनी चालतो’ असे सांगणाऱ्या गाडीवाल्याच्या वायरिंगला मी हात लावत नाही. आधी ही पट्टी वाचून दाखवतो.

दुसरी तपासणी: बॅटरी आणि इंजिन

गाडी काही तास बंद राहिल्यावर बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटर लावावा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२.० च्या खाली ती रिकामी होत आलेली असते. इंजिन चालू केल्यावर हाच आकडा बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ पर्यंत चढतो. इंजिन बंद ठेवून कंप्रेसर चालवणे आणि चालू ठेवून चालवणे यांत यंत्राच्या दृष्टीने दीड-दोन व्होल्टचा फरक पडतो, आणि १२ व्होल्टच्या हिशेबात हा फरक मोठा आहे. त्यामुळे ‘फक्त इंजिन चालू असताना चालतो’ या तक्रारीत बॅटरी थकलेली असते किंवा वायरिंग आधीच काठावर असते. इंजिन चालू ठेवणे हा तात्पुरता उपाय चांगला आहे, मात्र बंद शेडमध्ये तो करू नये, कारण धूर कोंडतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर ती काढावी. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासले की ती निघते. टर्मिनल काढताना आधी निगेटिव्ह काढावे आणि बसवताना निगेटिव्ह शेवटी बसवावे. असे केल्याने पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून ठिणगीचे हे भय केवळ वायर जळण्यापुरते नाही.

तिसरी तपासणी: पिन, सॉकेट आणि फ्यूज

लायटरच्या पिनचे टोक नुसत्या स्प्रिंगच्या दाबाने सॉकेटच्या तळाला टेकलेले असते. हा सांधा लायटर तापवण्यापुरता, म्हणजे काही सेकंदांसाठी बनवलेला आहे. तिथे फक्त ०.०५ ओहम अडथळा निर्माण झाला आणि १५ ॲम्पिअर करंट वाहिला, तर पाऊण व्होल्ट तिथेच जातो आणि सुमारे ११ वॅट उष्णता एका दाण्याएवढ्या जागेत साठते. प्लॅस्टिक वितळते ते यामुळेच. पिनचे टोक काळे पडले असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासावे, आणि कडेच्या दोन पट्ट्या सैल झाल्या असतील तर हलकेच बाहेर वाकवाव्यात. अनेक पिनांचे टोक फिरवून काढता येते व आत काचेचा छोटा फ्यूज असतो. गाडीचा फ्यूज शाबूत असूनही यंत्र मेलेले असेल, तर हा आतला फ्यूज आधी पाहावा.

फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच ॲम्पिअरचा नवा घालावा, तोही एकदाच. पुन्हा उडाला तर कारण शोधावे. १५ च्या जागी ३० चा फ्यूज घालणे, तांब्याची तार गुंडाळणे, सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पट्टी लावणे हे सगळे प्रकार मी पाहिले आहेत. फ्यूज यंत्राला वाचवण्यासाठी नसतो, वायरला वाचवण्यासाठी असतो. डॅशबोर्डमागे १५ ॲम्पिअरसाठी घातलेली बारीक वायर ३० ॲम्पिअरने तापली, की शेजारच्या दहा वायरींचे आवरण वितळवते, आणि मग शंभर रुपयांत संपणारे काम केबिनचे संपूर्ण वायरिंग बदलण्यावर जाते.

चौथी तपासणी: थेट बॅटरीवर

दोष यंत्रात आहे की वायरिंगमध्ये, याचा निकाल ही तपासणी लावते आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. कंप्रेसर जागेवरून सोडवून बॅटरीजवळ आणावा, चिमटे असलेल्या जाड आणि आखूड केबलने थेट टर्मिनलवर लावावा, आणि मध्ये योग्य क्षमतेचा फ्यूज ठेवावा. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटे होऊ देऊ नये.

इथे यंत्र झोकात चालले, तर कंप्रेसर निर्दोष आहे आणि पुढच्या सगळ्या तपासण्या वायरिंगच्या आहेत. इथेही ते गुरगुरत असेल, तर वायरिंग उकरण्याची गरज नाही. मोटरचे कार्बन, बेअरिंग किंवा व्हॉल्व्ह यांच्यात दोष आहे.

टाकीवाल्या यंत्रासाठी एक जास्तीची चाचणी करावी. टाकी पूर्ण रिकामी करून यंत्र सुरू करावे, नंतर टाकीत ८० पीएसआयच्या आसपास हवा असताना सुरू करून पाहावे. रिकाम्या टाकीवर सहज सुरू होणारे यंत्र भरलेल्या टाकीवर अडत असेल, तर दोष अनलोडर व्हॉल्व्हचा (यंत्र बंद होताना अडकलेली हवा सोडणारा) किंवा चेक व्हॉल्व्हचा (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा) असतो. चांगले यंत्र बंद होताना ‘फुस्स’ असा छोटा आवाज येतो. पिस्टनच्या डोक्यावर अडकलेली हवा तेव्हा सुटते. तो आवाज येत नसेल, तर पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध पहिला फेरा मारावा लागतो, ती जागीच अडते, आणि अडलेली डीसी मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. दुसऱ्यांदा फ्यूज उडण्याचे कोडे इथे सुटते. मी सुरुवातीच्या काळात एका गाडीची मागपर्यंतची वायर दोनदा बदलली होती, आणि शेवटी दोष निघाला तो या व्हॉल्व्हमध्ये अडकलेल्या गंजाच्या कणाचा. तेव्हापासून ही चाचणी मी कधी टाळत नाही.

पाचवी तपासणी: व्होल्टेज कुठे हरवतो

यंत्र थेट बॅटरीवर चांगले चालते आणि आपल्या जागेवर गेले की दम तोडते, अशा गाडीत खरा शोध इथून सुरू होतो. गाडीवाले मला सांगतात की वायर ‘चेक केली, सप्लाय येतो आहे’. टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला, म्हणून सप्लाय आहे. पण टेस्ट लॅम्पला अर्धा ॲम्पिअरही लागत नाही. थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीत, पन्नासपैकी दोनच तारा शाबूत असल्या तरी तो झकास पेटतो. मल्टिमीटरने ओहम मोजले तरी तीच फसगत होते, कारण आपल्याला शोधायचा अडथळा इतका लहान असतो की साध्या मीटरच्या लीडचाच अडथळा त्याहून जास्त भरतो. म्हणून ही मोजणी भार चालू असतानाच करायची असते.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. इंजिन आणि कंप्रेसर दोन्ही चालू असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आकडा घ्यावा, मग कंप्रेसरच्या टर्मिनलवर. समजा बॅटरीवर १३.६ आणि कंप्रेसरवर ११.२ आहे, म्हणजे २.४ व्होल्ट वाटेत गेले. माझ्या मते अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्यावे, एक व्होल्टच्या पुढे गेल्यास दुरुस्ती करावीच.

हे २.४ व्होल्ट कुठल्या बाजूला गेले, ते पाहण्यासाठी मीटरची लाल लीड बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी लीड कंप्रेसरच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर धरावी. लीड पुरत नसेल तर कोणतीही साधी वायर जोडून लांब करावी. या मोजणीत तिच्या जाडीने फरक पडत नाही. मीटर जेवढे दाखवील तेवढे व्होल्ट पॉझिटिव्ह बाजूला हरवले. मग काळी लीड बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल लीड कंप्रेसरच्या निगेटिव्हवर धरून दुसरी बाजू मोजावी. ज्या बाजूचा आकडा मोठा, त्या बाजूने सांध्या-सांध्यावर लीड पुढे सरकवत जावे: फ्यूज होल्डरच्या अलीकडे-पलीकडे, रिलेच्या दोन जाड पायांवर, प्रत्येक थिंबलवर. एका पावलात आकडा एकदम उडी मारतो. दोष नेमका तिथे असतो. सगळीकडे थोडा थोडा वाढत गेला, तर वायरच बारीक आहे.

वायर बारीक असणे म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीला दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम अडथळा असतो. बॉनेटखालच्या बॅटरीपासून हौद्यापर्यंत ५ मीटर जाणारी आणि ५ मीटर परत येणारी अशी १० मीटर वायर धरली आणि ती २.५ चौरस मिलिमीटरची असली, तर एकूण अडथळा ०.०७ ओहमच्या जवळ जातो. ३० ॲम्पिअरला तिच्यात २.१ व्होल्ट हरवतात आणि ६० वॅटच्या जुन्या बल्बाएवढी उष्णता वायरीत तयार होते. तीच वायर १० चौरस मिलिमीटरची घेतली तर घट अर्ध्या व्होल्टवर येते, १६ ची घेतली तर सुमारे ०.३ वर. परतीचे अंतर धरायला लोक हमखास विसरतात. करंट जेवढा जातो तेवढाच परत येतो.

कमी व्होल्टेजवर मोटरचे फेरे कमी होतात, पण तोच दाब ढकलायला करंट साधारण तेवढाच लागतो. म्हणजे तेवढीच हवा भरायला वेळ जास्त, तापणे जास्त, आणि थंड करणारा पंखाही मंद. यंत्र ‘खराब’ व्हायला लागते ते इथून.

अर्थिंग, म्हणजे परतीची वाट

निगेटिव्ह बाजूचा आकडा मोठा आला तर मी सर्वांत आधी हौद्याखाली डोकावतो. बऱ्याच गाड्यांत हौदा चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, लाकडाच्या किंवा रबराच्या पट्ट्या ठेवून यू-बोल्टने आवळलेला असतो. कंप्रेसरची काळी वायर हौद्याच्या पत्र्याला स्क्रूने जोडली की करंटला त्या गंजलेल्या, रंगलेल्या बोल्टांतून वाट काढावी लागते. कोरड्या दिवसांत ते कसेबसे चालते, आणि पावसाळ्यानंतर गंज वाढला की यंत्र बसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे या तक्रारी वाढतात, त्याचे कारण हेच असावे.

उपाय असा: काळी वायर लाल वायरीएवढीच जाड घ्यावी आणि ती चेसिसच्या मुख्य पट्टीवर किंवा बॅटरीच्या बाजूला नेऊन जोडावी. जोडण्याच्या जागी रंग खरवडून चकचकीत धातू काढावा, थिंबल बोल्टने आवळावे आणि वरून ग्रीस किंवा रंग लावावा. बॅटरीचा निगेटिव्ह आणि चेसिस यांना जोडणारा कंपनीचा पट्टाही पाहावा. तो कुजला असेल तर वायरिंग कितीही चांगले केले तरी उपयोग नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यांतल्या काहींत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा छोटा सेन्सर असतो. अशा गाडीत जास्तीची काळी वायर थेट बॅटरीच्या खुंटीवर जोडू नये. ती सेन्सरच्या पलीकडे, चेसिसवर जोडावी. नाहीतर कंप्रेसरने किती करंट घेतला हे गाडीच्या संगणकाला कळत नाही आणि तो बॅटरीचा हिशेब चुकवतो.

रिले आणि रात्रीचा चोर

३० ॲम्पिअर डॅशबोर्डवरच्या स्विचमधून नेऊ नयेत. जाड वायर बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिलेचा ३० क्रमांकाचा पाय, ८७ क्रमांकाच्या पायापासून कंप्रेसर, अशी जावी. ८५ आणि ८६ हे रिलेच्या कॉइलचे पाय; त्यांना पाव ॲम्पिअरही लागत नाही, म्हणून स्विचपर्यंत बारीक वायर चालते. रिले यंत्राच्या करंटच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा, कारण सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओढते आणि छोट्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात.

रिले टकटक करीत असेल तर कॉइलला मिळणारा सप्लाय पाहावा. अनेकदा तो त्याच बारीक वायरीतून घेतलेला असतो ज्यातून मोटर चालते. मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडतो, रिले सुटतो; भार गेला की व्होल्टेज परत येतो, रिले पुन्हा ओढतो.

सकाळी सेल्फ न लागण्याचे कारण मात्र वेगळे असते. टाकीवाल्या यंत्राला प्रेशर स्विच असतो, आणि नळीच्या एखाद्या जोडातून थोडी थोडी हवा गळत असते. स्विच बंद करायचा राहिला, की टाकीतला दाब घटेल तेव्हा कंप्रेसर रात्रीतून आपोआप सुरू होतो, टाकी भरतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो. ३० ॲम्पिअर पाव तास चालले की साडेसात ॲम्पिअर-तास गेले. असे चार-पाच वेळा झाले की निम्मी बॅटरी संपते. रिलेच्या कॉइलचा सप्लाय चावी फिरवल्यावरच येणाऱ्या वायरीतून घ्यावा. गळती शोधायला साबणाचे पाणी पुरते: जिथे फुगे येतात, तिथे टेफ्लॉन टेप.

वायर बदलायचीच असेल तर

तांब्याचीच वायर घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर जाड आणि स्वस्त मिळते. तिची वाहकता तांब्याच्या दोन-तृतीयांशाहून थोडी कमीच असते आणि सांध्यावर ती लवकर सैल पडते. एक तार चाकूने खरवडून पाहिली की आतला पांढरा रंग दिसतो. घरगुती वायरिंगची पीव्हीसी वायरही नको: तिचे आवरण साधारण ७० अंश सेल्सिअससाठी बनवलेले असते, आणि इंजिनजवळ त्याहून जास्त उष्णता असू शकते.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत असावा. मागे, कंप्रेसरजवळ लावलेला फ्यूज मधल्या पाच मीटर वायरीचे काहीच रक्षण करीत नाही. वायर चेसिसच्या कडेवर घासून उघडी पडली तर ती बॅटरी संपेपर्यंत किंवा आग लागेपर्यंत जळत राहते. ३० ॲम्पिअरच्या यंत्राला १० किंवा १६ चौरस मिलिमीटरच्या वायरीवर ४० चा फ्यूज मी लावतो. थिंबल पक्कडीने चेपू नये, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबावे. वायर पत्र्यातून जिथे आत शिरते तिथे रबरी ग्रोमेट, बाकी वाटेवर लवचिक पाइप, आणि सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, डिझेलची व ब्रेकची नळी यांच्यापासून दूर. ब्रेकच्या नळीलाच नायलॉन टायने वायर बांधलेली गाडी आली की मी ती आधी सोडवतो, मग बाकीचे बोलतो.

एवढे करूनही दिवे मंदावत असतील तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारे यंत्र, पाहावा. इंजिन १५०० फेऱ्यांच्या आसपास, हेडलाइट आणि कंप्रेसर चालू, अशा स्थितीत बॅटरीवर १३ व्होल्टच्या खाली आकडा जात असेल तर अल्टरनेटर भार पेलत नाही आणि उरलेला करंट बॅटरी देते आहे. पट्टा सैल आहे का, तेवढे स्वतः पाहावे. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन हळू चालत असताना, आकडा थोडा पडणे स्वाभाविक आहे, कारण तेव्हा अल्टरनेटर आपल्या क्षमतेचा काही भागच देतो.

२४ व्होल्टचा ट्रक

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. १२ व्होल्टचा कंप्रेसर २४ वर लावला तर तो जळतो हे सगळ्यांना माहीत असते, म्हणून चालक तो दोनपैकी एकाच बॅटरीवर लावतात. कंप्रेसर छान चालतो, आणि काही महिन्यांनी दोन्ही बॅटऱ्या जातात. अल्टरनेटर दोन्ही मिळून २८ व्होल्टच्या आसपास देतो. एक बॅटरी अर्धी रिकामी असल्याने ती कमी व्होल्टेजवर बसते आणि दुसरीच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येतो. पहिली कायम उपाशी राहते, दुसरीचे पाणी उकळून जाते. बॅटरीवाल्याला दोष देण्यापूर्वी हे पाहावे. उपाय २४ व्होल्टचा कंप्रेसर घेणे हाच आहे. २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावता येतो, पण मोटर सुरू होतानाच्या झटक्याने तो बंद पडतो, म्हणून फार मोठा घ्यावा लागतो. शिवाय एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये ८ बार, म्हणजे सुमारे ११६ पीएसआय हवा टाकीत आधीच असते, आणि अनेक ट्रकांत चाकात हवा भरण्यासाठी नळी जोडायची जागाही दिलेली असते. मॅन्युअल पाहून ती वापरावी, आणि निघण्यापूर्वी ब्रेकचा दाब पुन्हा पूर्ण चढू द्यावा.

कुठे थांबावे

बॅटरी फुगली असेल किंवा तिला सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर तिला हात न लावता बॅटरीवाल्याला बोलवावे. डॅशबोर्डमागच्या मुख्य जुडग्यात आवरण वितळलेले दिसले, तर तिथे टेप गुंडाळून पुढे जाऊ नये; आत किती वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत हे जुडगा उघडल्याशिवाय कळत नाही. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरींजवळ मल्टिमीटरही नेऊ नये. सीएनजी गाडीत सिलिंडर आणि गॅसच्या नळीच्या आसपास नवी वायर टाकायची असेल, तर ती अधिकृत केंद्रातूनच टाकून घ्यावी. पेट्रोल-डिझेल वाहणाऱ्या टँकरवर तर हे काम करूच नये, कोणी करून देतो म्हणाला तरी. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून मगच बॅटरीवर वायर जोडावी.

टाकी बाहेरून गंजली असेल, सेफ्टी व्हॉल्व्ह ओढून सुटत नसेल, किंवा तळाचा नळ उघडल्यावर गंजाचे पाणी येत असेल, तर तो विषय वायरिंगचा राहत नाही. अशी टाकी वेल्डिंगने बुजवू नये, बदलावी.

इलेक्ट्रिशियनकडे जाताना चार आकडे लिहून न्यावेत: गाडी बंद असतानाचा बॅटरीचा व्होल्टेज, कंप्रेसर चालू असतानाचा बॅटरीवरचा, तेव्हाच कंप्रेसरच्या टर्मिनलवरचा, आणि निगेटिव्ह बाजूची घट. हे आकडे असले तर दोष कुठे आहे ते मी दहा मिनिटांत सांगू शकतो. नसले तर मला आधी तेच मोजावे लागतात, आणि त्या वेळेचे पैसे गाडीवाल्यालाच द्यावे लागतात.